दोन फॉर्म आणि एक गोलकीपर

मला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. हा दोष आहे हे मला मान्य आहे. मीनल, म्हणजे माझी बायको, लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो माझ्याकडून मान्य करून घेत आली आहे. पण या दोषापायी आमची पंधरा वर्षांची मुलगी एका शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दोन-दोन फुटबॉल टीममधून एकदम बाहेर पडायची वेळ येईल, हे मला कळलं नव्हतं. कळायला हवं होतं, कारण काय काय बिघडू शकतं याची यादी करणं हाच माझा धंदा आहे. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनाच्या कारखान्यात मी सेफ्टी इंजिनिअर आहे. हा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर काय, तो पंप बंद पडला तर काय, असं मी दिवसभर लोकांना विचारतो आणि लोक मला टाळायला पलीकडच्या जिन्याने जातात.

जाई गोलकीपर आहे. ती गोलकीपर कशी झाली यात थोर असं काही नाही. इथल्या शाळेत प्रत्येक पोराला अभ्यासाबाहेरचं काहीतरी एक घ्यावंच लागतं. जाईला बॅडमिंटन हवं होतं, त्याच्या जागा भरल्या. मुलींच्या फुटबॉलमध्ये जागाच जागा होत्या. मिसेस गोह म्हणून भूगोलाच्या बाई आहेत, त्या टीमच्या प्रमुख. त्यांनी रांगेतली सगळ्यात उंच मुलगी पाहिली आणि तिच्या हातात ग्लोव्हज दिले. पण ती निघाली चांगली. घरी हाताशी असलेला रिमोट उचलायला जी मुलगी तीनदा कंटाळा करते, ती तिथे चेंडूवर अशी झेप घ्यायची की मी डोळे मिटून घ्यायचो. हे मी बाप म्हणून सांगत नाही. म्हणजे बाप म्हणूनच सांगतोय, पण खरं आहे.

जानेवारीत शाळेच्या अॅपवर विचारणा आली की आपली मुलगी यंदा आंतरशालेय स्पर्धेत खेळेल, संमती आहे का? मी कंपनीच्या बसमध्ये अर्धवट झोपेत होतो. संमतीचं बटण दाबलं आणि पुन्हा झोपलो. पुढच्या वर्षी तिची ओ-लेव्हलची बोर्डाची परीक्षा, म्हणजे खेळायचं हे शेवटचं वर्ष, असा मीनलचा कायदा होता. तेव्हा यंदा काय ते खेळून घेऊ दे, असं आमचं दोघांचंही मत होतं.

दोन आठवड्यांनी एका क्लबच्या कोचचा फोन आला. डेस्मंड त्याचं नाव. कुठल्याशा सरावाच्या मॅचमध्ये त्याने जाईला पाहिलं होतं. त्याचं मैदान बुकित तिमाहच्या बाजूला, टीम शहरातली नावाजलेली. तो म्हणाला, मी घरी येऊन सगळं समजावून सांगतो. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. सिंगापूरमध्ये समजावून सांगायला कुणी कुणाच्या घरी येत नाही, लिंक पाठवतात.

तो रविवारी सकाळी सेंगकांगला आमच्या फ्लॅटवर आला. मीनलने कांदेपोहे केले होते. तिच्या मनात काही नव्हतं, रविवारी आमच्याकडे पोहेच असतात. पण जाई ट्रे घेऊन बाहेर आली, कोचने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि उंची विचारली, तेव्हा मी आपोआप ताठ बसलो.

"एकशे एकाहत्तर," मी म्हणालो. "अजून वाढेल. तिच्या आईकडचे सगळे उंच आहेत."

"स्वभाव कसा आहे?" त्याने विचारलं. त्याला गोल खाल्ल्यावर चिडते का, असं विचारायचं होतं.

"अतिशय शांत," मी म्हणालो. "मोठ्यांना उलट बोलत नाही." जाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की स्वभाव लगेच कळला असता, पण कोच तेव्हा पोह्यांवर खोबरं घेत होता.

त्याने पोहे दोनदा घेतले. मग बॅगेतून सहा पानी फॉर्म काढला. 'विचार करून कळवतो' हे शब्द माझ्या अगदी जिभेवर होते. पण माणूस रविवारची सकाळ मोडून घरी आलेला, दोनदा पोहे खाल्लेले, मीनल तिसरा चहा टाकते आहे, अशा वेळी त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी सही केली. जाई भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, पण मी अजून..." ती म्हणाली. "अगं, सही म्हणजे नुसती सुरुवात असते," मी म्हणालो. कारखान्यात परवान्याचं अक्षरन् अक्षर वाचल्याखेरीज मी कुणाला साधा स्क्रू फिरवू देत नाही. इथे चौथ्या पानावर एक कलम होतं, ते मी पुढे दीड महिन्याने वाचलं.

कलम असं होतं की क्लबचा खेळाडू त्या हंगामात दुसऱ्या कुठल्याही टीमकडून स्पर्धेत उतरणार नाही. दीड महिना कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण दोन्हीकडे नुसता सरावच चालू होता. जाई मंगळवार-शुक्रवार शाळेत आणि बुधवार-शनिवार क्लबवर जायची आणि जेवताना ताटावर डुलक्या घ्यायची. मग एका बुधवारी दोन गोष्टी झाल्या. क्लबची मेल आली की आपल्या मुलीचं नाव शाळेच्या यादीत दिसतंय, शुक्रवारी सहापर्यंत एका ठिकाणाहून नाव काढल्याचं कळवा, नाहीतर आमची जागा रद्द समजा. आणि मिसेस गोहचा फोन आला की आमचीही यादी शुक्रवारी सहाला बंद होते. क्लबमध्ये अडकलेल्या मुलीचं नाव त्यांना ठेवता येणार नव्हतं. थोडक्यात, सहाच्या आत आम्ही काहीच केलं नाही, तर जाई दोन्हीकडून बाद.

"मिस्टर निशिकांत," त्या म्हणाल्या, "यू डिसाइड. बट प्लीज डिसाइड." जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की जाई गेली तर गोलमध्ये एक व्हायोलिन वाजवणारी मुलगी उभी करावी लागेल आणि तिला बोटं जपायची असतात.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बैठक बोलावली. अशा वेळी डोकं थंड ठेवून पद्धतशीर काम करावं लागतं. मी लॅपटॉपवर एक तक्ता केला. डावीकडे मुद्दे, वर दोन रकाने, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. प्रशिक्षणाचा दर्जा, प्रवास, अभ्यासावर परिणाम, दुखापतीचा धोका, पुढच्या प्रवेशाला उपयोग. मीनल बँकेत आहे, तिला बेरजा लवकर दिसतात.

"प्रवास तू दोनदा धरलायस," ती म्हणाली.

"एकदा जायचा आणि एकदा यायचा."

"निशिकांत." पूर्ण नावाने हाक आली की मी बेरीज दुरुस्त करतो. दुरुस्त केली. क्लब एकाहत्तर, शाळा एकाहत्तर.

"जाई, आता तुझे गुण नोंदवायचे आहेत," मी म्हणालो.

जाईने तक्त्याकडे पाहिलं. "बाबा, यू साइन ऑलरेडी व्हॉट," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. "दोन्हीकडे. नाऊ आस्क मी फॉर व्हॉट?" आणि ती आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी मी लोकांना विचारलं. समोरच्या फ्लॅटमधले अंकल आंग सकाळी कॉरिडॉरमध्ये पक्ष्यांना पाणी घालत असतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की शाळेची टीम दहा गोलांनी हरली तरी कुणी रागवत नाही, क्लबमध्ये बाकावर बसून दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवाव्या लागतात. मला हा शाळेच्या बाजूचा मुद्दा वाटला. पण ते पुढे म्हणाले की टाळ्या वाजवायला शिकणंही चांगलंच. एवढं बोलून ते पिंजरा पुसायला लागले, त्यामुळे अंकल आंग यांचं मत मला दोन्ही रकान्यांत लिहावं लागलं.

दुपारी पद्माकरचा फोन आला. मी त्याला काही विचारलं नव्हतं, मीनलने त्याच्या बायकोला सांगितलं होतं. पद्माकर बुकित तिमाहला कोंडोत राहतो, इथे वीस वर्षं झाली, नागरिक झालाय, आणि नवीन आलेल्या मराठी माणसाने कुठली शाळा, कुठला डेंटिस्ट, कुठला तांदूळ घ्यावा हे तो न विचारता सांगतो. तो ट्रेडमिलवर चालत होता.

"निशी, शाळेची टीम म्हणजे आपल्या मंडळाचं नाटक रे," तो धापा टाकत म्हणाला. "हौस. क्लब म्हणजे काम. मी आमच्या निहारला पहिल्यापासून क्लबमध्येच घातला."

"आता कुठे खेळतो निहार?"

"आता नाही खेळत." त्याने ट्रेडमिलचा वेग वाढवलेला ऐकू आला. "सोडलं त्याने. पण शिस्त लागली बघ. तू आजच्या आज शाळेतून नाव काढ. मी डेस्मंडला ओळखतो, त्याला सांगून ठेवतो."

मी 'नको' म्हणणार होतो. "बरं," म्हणालो.

तर असा निर्णय झाला. मीनलही क्लबच्या बाजूची होती. "चांगलं खेळते तर चांगल्या मुलींत खेळू दे," ती म्हणाली, आणि यात चुकीचं काही नव्हतं. जाईला आम्ही जेवताना सांगितलं. तिने भात कालवला, खाल्ला, ताट धुऊन ठेवलं. "ओके," एवढंच म्हणाली. मीनल मला म्हणाली, बघ, किती समजूतदारपणे घेतलं. मला ते 'ओके' जरा जड गेलं, पण निर्णय झाल्यावर माणसाने मागे वळून पाहू नये असं मी स्वतःला बजावलं.

शाळेतून नाव काढायला अॅपवर सोय असेल असं कुणालाही वाटेल. नाव घालायला एक बटण होतं. काढायला आधी कारण निवडायचं होतं, आणि कारणं तीनच होती, आजारपण, स्थलांतर आणि इतर. आजारपणाला डॉक्टरांचं पत्र लागत होतं आणि स्थलांतराला आम्हाला सिंगापूर सोडावं लागलं असतं. 'इतर' दाबलं तर एक फॉर्म उघडला, खाली सूचना की छापून, पालकाने सही करून, संबंधित शिक्षकांना प्रत्यक्ष आणून द्यावा. मी फॉर्म छापला, सही केली. शुक्रवारी अर्धी रजा घेतली. तीनची बस धरली तर साडेचारला शाळेत पोचलो असतो. दीड तास हाताशी ठेवला होता. याला आमच्या धंद्यात सुरक्षित अंतर म्हणतात.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी कारखान्यात वायुगळतीचा भोंगा झाला.

आमच्याकडे भोंगा झाला की असेल तिथून सगळ्यांनी एका मोकळ्या जागेत जमायचं आणि डोकी मोजायची. गेटवर टॅप केलेले पास आणि जमलेली डोकी यांचा आकडा जुळला नाही तर बेटाबाहेर एक माणूस जाऊ शकत नाही. मोबाइलला आत बंदी असते, तो लॉकरमध्ये. आणि मोजणारा अधिकारी कोण, तर मी. पासांचा आकडा दोनशे बारा होता. डोकी दोनशे अकरा भरली. पुन्हा मोजली. दोनशे अकरा. उन्हात उभे असलेले दोनशे अकरा लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी खिशातल्या फॉर्मची घडी चाचपत होतो. कुणीतरी आत वायूत पडलंय या विचाराने मी यादीवरची नावं पुन्हा पुन्हा वाचत होतो, आणि त्याच वेळी तीनची बस आपण चुकवणार हेही डोक्यात वाजत होतं, याची मला लाज वाटत होती. अग्निशमनवाले आत गेले. वायू कुठेच नव्हता, एक सेन्सर वाफेला बिचकला होता. दोनशे बारावा माणूस दाढदुखीने दुपारीच घरी गेला होता आणि बाहेर पडताना पास टॅप करायला विसरला होता. हे कळेपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली.

लॉकर उघडला. कोच डेस्मंडचे नऊ मिस्ड कॉल. मिसेस गोहचे तीन. आणि दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी आलेला जाईचा एक मेसेज, इंग्रजीत. बाबा, शाळेत येऊ नका, मी सेटल करते.

काय सेटल करते? मी तिला फोन लावला, उचलला नाही. मिसेस गोहना लावला, उचलला नाही. कोचचा बिझी. मीनलला लावला तर ती मीटिंगमध्ये होती, कुजबुजत म्हणाली, "दिलास का फॉर्म?" मी म्हटलं अजून बेटावर आहे. "निशिकांत!" हे मात्र ती कुजबुजत म्हणाली नाही.

साडेचारची बस. चेकपॉइंटवर एकेकाचा पास. बाहेर पडल्यावर टॅक्सी मिळाली ती चार पंचावन्नला, आणि शुक्रवारच्या संध्याकाळी सिंगापूरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं. एक्स्प्रेसवेवर पुढे नुसते लाल दिवे. टॅक्सीवाल्याने आरशातून माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, हॉस्पिटल? मी म्हटलं फुटबॉल. त्याने रेडिओ मोठा केला.

त्या टॅक्सीत मला खरोखर भीती वाटली. नऊ फोन कोच उगीच करणार नाही. मी त्याला पुन्हा पुन्हा लावत होतो, बहुधा तोही मलाच लावत होता, आणि दोन्हीकडे बिझी. पोरीने रागाच्या भरात दोन्हीकडे जाऊन 'नको' म्हणून सांगितलं असणार, याची मला जवळजवळ खात्री झाली. मग ग्लोव्हज कपाटावर जातील, मग मंगळवार-शुक्रवार ती घरी फोन बघत बसेल, आणि याला कारण कोण तर मी. तीन दिवसांत मी अंकल आंगना विचारलं होतं, पद्माकरला विचारलं होतं, तक्त्याला विचारलं होतं. तिला मी गुण मागितले होते. तुला कुठे खेळायचंय एवढं साधं तिला विचारलं नव्हतं. पाच वाजून वीस झाले, पंचवीस झाले, टॅक्सी पुढे सरकेना.

पाच पन्नासला शाळेच्या गेटवर उतरलो. वॉचमनने टॅबलेट पुढे केला. भेटीची वेळ ठरली आहे का? नाही. कामाचं स्वरूप निवडा. यादीत मीटिंग, डिलिव्हरी आणि मेंटेनन्स एवढंच होतं. मीटिंग दाबलं तर कुणाबरोबर आणि किती वाजता ते विचारायला लागलं. डिलिव्हरी दाबलं तर गाडीचा नंबर. मेंटेनन्स दाबलं तर यंत्रातून खर्रकन् एक स्टिकर बाहेर आलं. वॉचमनने ते माझ्या छातीवर नीट दाबून लावलं आणि मी धावत सुटलो.

मैदानाच्या कडेला टीममधल्या दोघीजणी पाणी पीत होत्या. घामाघूम, धापा टाकत आलेला मी आणि छातीवर मोठ्या अक्षरांत मेंटेनन्स. "अंकल," त्यातली एक अदबीने म्हणाली, "टॉयलेट दॅट साइड." वीस वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि ऐकून घ्यायलाही वेळ नव्हता.

मिसेस गोह शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या. पलीकडे गोलमध्ये जाई. ग्लोव्हज हातात, शाळेची जर्सी अंगात. माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

"कोचशी बोललात का?" मिसेस गोहनी विचारलं. "तो तीनपासून तुम्हाला फोन करतोय." मग त्यांनी सांगितलं ते असं. जाई दोनला शाळा सुटल्यावर एकटी क्लबवर गेली होती. डेस्मंडच्या समोर उभं राहून तिने सांगितलं की मला शाळेकडून खेळायचंय, सॉरी, आणि तुम्ही शिकवलंत त्याबद्दल थँक यू. बसने परत आली आणि मैदानात उतरली. फक्त क्लबमधून नाव काढायला पालकाची मंजुरी फोनवर लागते. ती दिलीत तर यादीत नाव ठेवते, त्या म्हणाल्या. घड्याळात पाच चोपन्न.

मी डेस्मंडला लावला. या वेळी लागला.

"मिस्टर निशिकांत, फायनली," तो म्हणाला. "तुमच्या मुलीला मी म्हटलं, वडिलांची मंजुरी लागेल. ती म्हणाली, बाबा करतील, ते सगळ्यावरच सही करतात." मला हसावं की रडावं कळेना. तो पुढे म्हणाला की इतक्या वर्षांत त्याच्याकडून मुलं काढणाऱ्या एकाही पालकाने तोंडावर सांगितलं नाही, नुसते फोन उचलणं बंद करतात. "म्हणूनच मला ती हवीय. तिला याच हंगामात मी पहिल्या टीममध्ये घेतो. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता जागा पक्की करतो. तुम्ही वडील आहात."

माझ्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात शाळेतून नाव काढायचा फॉर्म, सही केलेला. मीनलचं मत या फॉर्ममध्ये होतं, पद्माकरचा शब्द होता, आणि फोनवर एक भला माणूस माझ्याकडे फक्त एक 'हो' मागत होता. पहिली टीम. असं मुलीबद्दल कुणी बोललं की बापाला काय होतं ते ज्यांना मुली आहेत त्यांनाच कळेल. जाई गोल सोडून माझ्याकडे चालत आली. तिने माझ्या हातातला फॉर्म पाहिला आणि तिचं तोंड उतरलं.

मी फोनवर हात ठेवला. "जाई, तुला काय हवंय?"

"स्कूल."

"पण पहिली टीम म्हणतोय गं तो."

"आय नो. ही टोल्ड मी." तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. "बाबा, पाच छप्पन झाले."

मी फोन कानाला लावला. "नो," मी म्हणालो. "सॉरी. थँक यू." हे इतक्या हळू निघालं की पलीकडून "हॅलो? हॅलो?" ऐकू आलं, त्यामुळे मला ते दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणावं लागलं. मिसेस गोहनी वळून पाहिलं. व्हायोलिनवाल्या मुलीनेही पाहिलं. डेस्मंड म्हणाला, लिंक पाठवतो.

लिंक आली. मंजुरी दाबली. सहा आकडी कोड आला, माझी बोटं घामाने ओली, पहिला कोड चुकला. पाच अठ्ठावन्न. दुसरा कोड येईना. मी फोन वर धरला, खाली धरला. जाईने दातांनी ग्लोव्ह ओढून काढला, माझ्या हातातून फोन घेतला, कोड आल्याबरोबर तो टाकला आणि स्क्रीन मिसेस गोहना दाखवली. त्यांनी स्वतःच्या फोनवर काहीतरी दाबलं आणि शिट्टी वाजवली. सराव पुन्हा सुरू झाला. मी त्या फॉर्मची बारीक घडी घातली, खिशात ठेवली आणि बाकावर बसून राहिलो.

घरी मीनल माझ्याशी दीड दिवस बोलली नाही. पुढचा अर्धा दिवस ती फक्त जाईशी बोलली आणि मग माझ्याशीही बोलायला लागली. पद्माकरने फोन करून सांगितलं की मी त्याला डेस्मंडसमोर तोंडघशी पाडलं. मी बरं म्हणालो.

पुढच्या बुधवारी पहिली मॅच होती. मी पुन्हा अर्धी रजा घेतली. समोरची शाळा तगडी होती, त्यातल्या चार मुली तर आधी कधीतरी क्लबमध्ये तयार झालेल्या वाटत होत्या. पहिल्या दहा मिनिटांत आमच्यावर दोन गोल झाले. जाईने निदान आठ वाचवले, मी मोजत होतो. एकदा तर ती खांबावर आपटली आणि मी अर्धा उठलो, पण तिने मला लांबूनच हाताने खाली बसवलं. आमच्या बचावातली एक मुलगी चेंडू आला की बाजूला व्हायची, बहुधा त्याला वाट द्यायला. शेवटी सहा-शून्य. डेस्मंडची पहिली टीम, सहा-शून्य, डेस्मंडची पहिली टीम, असं माझ्या डोक्यात परत येताना बसभर चालू होतं. पोरीला आपण अडवायला हवं होतं का, हा प्रश्न मला सोडेना. मुलांचं ऐकायचं म्हणतात ते ठीक आहे, पण सहा-शून्य?

विचारात स्टॉप चुकवून संध्याकाळी उशिरा घरी पोचलो तर दाराबाहेर चिखलाने माखलेल्या बुटांचा ढीग. अंकल आंग दारात उभे राहून ते मोजत होते. आत टीमच्या तेरा मुली जमिनीवर, सोफ्यावर, जागा मिळेल तिथे बसलेल्या. व्हायोलिनवाली बचाववाल्या मुलीची नक्कल करत होती आणि सगळ्यात जास्त ती बचाववालीच हसत होती. एकीचे डोळे अजून लाल होते, तिच्या खांद्यावर दुसरीचा हात होता. मीनल स्वयंपाकघरात मोठ्या कढईत नूडल्स परतत होती आणि मला डोळ्यांनी म्हणत होती की काही बोलू नकोस.

जाई ताटल्या घ्यायला आत आली. कोपर सोललेलं होतं. मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वाईट वाटतंय का गं? क्लबमध्ये असतीस तर..."

तिने ताटल्या मोजल्या, दोन कमी होत्या, त्या वरच्या फळीवरून काढल्या.

"क्लबमध्ये सहा गोल खाल्ले असते ना बाबा," ती म्हणाली, अगदी स्वच्छ मराठीत, "तर मी घरी एकटीच आले असते."

आणि ताटल्या घेऊन ती बाहेर गेली.